अडुसष्ट पायांचा आरोपी

मी ८०२८६ बोलतोय. संगणकाचा प्रोसेसर. लोक मला संगणकाचा मेंदू म्हणतात, पण सौंसरच्या संत्रा बागायतदार संस्थेत माझ्याकडून कोणी एक बेरीजही करून घेतली नाही. तरी तिथल्या ठरावात मी दोषी आहे. म्हणून बोलणे भाग आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. अंगाने चौकोनी, पोटाखाली अडुसष्ट पाय. १९८८ च्या ऑक्टोबरात संस्थेचे अध्यक्ष रघुनाथराव यांनी मला नागपुरात विकत घेतले. संस्थेच्या संगणकात आधीपासून ८०८८ नावाचा प्रोसेसर होता. रघुनाथरावांनी गणित मांडले: कुठे आठ हजार अठ्ठ्याऐंशी, कुठे ऐंशी हजार दोनशे शहाऐंशी. वेग दहापट. दुकानदाराने विचारले, संगणक कोणता? ते म्हणाले, पांढरा.

संगणक वत्सला गजभिये चालवायच्या. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर कोणत्या बागेची संत्री कोणत्या वॅगनमध्ये चढणार, त्याची यादी त्या काढत. तीन वर्षे हंगामी होत्या. नोकरीत कायम करण्याचा कागद रघुनाथरावांच्या सहीवाचून पडून होता.

मला पाहताच त्या म्हणाल्या, "अध्यक्षजी, हा नाही बसत. याचे पाय अडुसष्ट, आपल्या बोर्डात छिद्रं चाळीस."

"दाबलं का बसते, बाई. नवा जोडाबी आधी चावतेच."

"अन् उरलेले अठ्ठावीस पाय कुठं ठेवता?"

"काहून नाट लावून राहिली?"

मग मोटरपंप दुरुस्त करणारा गुणवंता आला. त्याने जुन्या प्रोसेसरला पेचकसाने उपटले. तो बिचारा गोमेसारखा लांबट, वीस-वीस पायांच्या दोन रांगांचा. त्याचे तीन पाय तुटले. मला अंगठ्याने दाबले, तेव्हा माझे सात वाकले. बोर्डाला तडा गेला. गुणवंता म्हणाला, "फाउंडेशनच लहान आहे, मालक." सबंध प्रकरणातले हे एकच शास्त्रशुद्ध विधान.

चौकशी झाली. ती अध्यक्षांनीच केली. अहवालात लिहिले, ऑपरेटरच्या हाताळणीमुळे बिघाड. वत्सलाबाईंना कामावरून काढण्याचा ठराव सभेपुढे आला. पुरावा म्हणून मी टेबलावर होतो. मला कोणी काही विचारले नाही.

वत्सलाबाई उभ्या राहिल्या. "तुमी सारे बागाईतवाले. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला त कलम लागते. बाभळीवर बांधला त लागन का?"

"कसा लागन," रामाजी म्हणाले. सभासदांत ते सर्वांत वडील.

"मंग दोष कोनाचा? डोळ्याचा, का बांधनाऱ्याचा? अन् मी त नोको म्हणत होती."

रामाजींनी चष्मा चढवून माझे पाय मोजले. मग बोर्डाची छिद्रे मोजली. पुन्हा मोजली. बाकीचे सभासद रघुनाथरावांकडे सोडून सगळीकडे पाहत होते.

"अध्यक्षाले त दोषी लिहता येत नाही," सचिव म्हणाले.

"बाईलेबी नाही येत," रामाजी म्हणाले.

ठराव एकमताने झाला: दोष प्रोसेसरचा. त्याच बैठकीत वत्सलाबाईंना कायम करण्याच्या कागदावर रघुनाथरावांची सही झाली.

त्या सुटल्या, ते योग्यच झाले. पण ज्याने मला घेतले आणि दाबायला लावले, त्याचे नाव ठरावात फक्त एकदा आहे: सभेचे अध्यक्ष म्हणून.

सध्या मी संस्थेच्या कपाटात, टाचण्यांच्या डबीत आहे. माझ्या अंगातून वीज अजून एकदाही गेलेली नाही. अडुसष्ट छिद्रांचा बोर्ड कुणाकडे असेल तर सौंसरला कळवा. सात पाय वाकडे आहेत, पण चिमट्याने सरळ होतात.