झाकणावरचा नंबर

मेंदू बादलीत ठेवायचा नसतो, टांगायचा असतो. इथे मेंदूपेढीत कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी हे सव्वीस वर्षं सांगत आलेय. ताजा मेंदू लोण्यासारखा मऊ असतो. बुडाशी टेकला की चपटा होतो, मग तो ना संशोधनाच्या कामाचा, ना विद्यार्थ्यांना शिकवायच्या. म्हणून त्याच्या खालच्या अंगाला एक शीर असते, तिच्याखालून दोरा ओवायचा, टोकं बादलीच्या कडीला बांधायची आणि फॉर्मालिनमध्ये उलटा सोडायचा. तीन आठवड्यांत घट्ट होतो, मग कापायचा. मला इथे पाठीमागे सगळे बादलीबाई म्हणतात. म्हणेनात का! बादलीबाईच्या हातून एक मेंदू कधी वाया गेला नाही, हेही तेच लोक म्हणायचे.

एकशे सोळा नंबरचा मेंदू माझ्या सख्ख्या भावाचा होता.

दादा वायरमन. अख्ख्या गल्लीतलं वायरिंग त्याला तोंडपाठ. बावन्नाव्या वर्षी तो एक दिवस स्वतःच्याच घरात उभा राहून मला विचारायला लागला, "मेन स्विच कुठाय गं?" मी हसले. वाटलं, थट्टा करतोय. सहा महिन्यांनी तो मलाच "तुम्ही कोण?" म्हणाला, तेव्हा हसू पळालं. तपासण्या करू म्हटलं तर हट्टाला पेटला. "जिवंतपणी माझ्या डोक्याला हात लावायचा नाही. मेल्यावर काय तो फोडून बघा!" आणि हात चालत होता तेवढ्यात मेंदूदानाच्या अर्जावर सही ठोकून मोकळा झाला. सत्तावन्नाव्या वर्षी गेला.

आता प्रश्न असा होता की दादाला झालं काय होतं. तो दोनदा खांबावरून डोक्यावर पडला होता, आणि पिण्यातही त्याने कधी कसर ठेवली नव्हती. त्याने असं झालं असेल तर ते त्याच्याबरोबर संपलं. पण विसरण्याच्या या आजाराचा घराण्यात उतरणाराही एक प्रकार असतो. आमचे वडील चाळिशीतच अपघातात गेले, त्यामुळे त्यांच्यात तो होता की नव्हता, कोण सांगणार? मेंदू कापून भिंगाखाली बघितल्याशिवाय उत्तर नव्हतं, आणि प्रकार कळल्याशिवाय जिवंत माणसाच्या रक्तात काय शोधायचं तेही ठरत नाही. ज्याला ते उत्तर हवं होतं ती दादाची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणायचो. आता ती तिशीची आहे, शाळेत पोहायला शिकवते. लग्नाला चार वर्षं झाली. नवरा-बायकोने मूल थांबवून ठेवलंय.

"आत्या," ती म्हणाली होती, "घराण्यातलं निघालं तर मी माझी तपासणी करणार, आणि माझ्यात सापडलं तर मूल नको. बाबांनी मला ओळखलं नाही तेव्हा मला काय वाटलं ते मी कुणाच्या वाट्याला येऊ देणार नाही. आणि ऐक, बाबांना तूच सांभाळ. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस."

आमच्याकडे नियम नेमका उलटा आहे. आपल्या माणसाच्या बादलीला आपण हात लावायचा नाही. मेंदू कापून निदान करणाऱ्या आमच्या डॉक्टर, त्यांना सगळे मॅडमच म्हणतात, त्यांनी मला समोर बसवून हे सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. पण अकराव्या दिवशी फॉर्मालिन बदलायची वेळ आली आणि कामावरची माझी जोडीदारीण सुट्टीवर. मनात म्हटलं, माझ्यापेक्षा चांगलं कोण करणार आहे? झालं. उचलली बादली.

नुसती तेवढीच उचलली असती तर बरं झालं असतं. शेजारी एकशे सतरा नंबरची बादली होती, तिचंही फॉर्मालिन त्याच दिवशी बदलायचं होतं. तिच्यात एक निवृत्त मास्तर. बुद्धी शेवटपर्यंत तल्लख. अर्जासोबत त्यांनी चिठ्ठी जोडली होती, "आयुष्यभर पोरांना डोकं वापरा म्हणून ओरडलो. आता माझं तुम्ही वापरा." त्यांचा मेंदू विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी राखला होता.

एका वेळी एकच बादली उघडायची, हे मीच भिंतीवर लिहून लावलंय. पण त्या दिवशी मी टेबलावर दोन नव्या बादल्या मांडल्या. जुने दोरे सैल पडले होते म्हणून कापले. नंबराच्या चिठ्ठ्या त्या दोऱ्यांनाच बांधलेल्या असतात, त्या दोऱ्यांबरोबर कचऱ्याच्या पिशवीत गेल्या आणि पिशवी न्यायला आलेला माणूस ती घेऊन गेला. नव्या बादल्यांना चिठ्ठ्या लावायच्या होत्या. एवढ्यात फोन वाजला. मुंगीचा. "आत्या, आज बदलणार होतीस ना? कसे आहेत बाबा?" कसे आहेत म्हणे! मला रडू आलं. डोळ्यांवरचा चष्मा काढला, बाहेर व्हरांड्यात जाऊन तिच्याशी बोलले, तिची समजूत काढली. आत आले. दोन बादल्या, दोन मेंदू, टेबलावर उताणी पडलेली दोन झाकणं. झाकणांवर नंबर होते. मी झाकणं लावली, बादल्यांवर तेच नंबर चिकटवले आणि हात धुवायला गेले.

हात धुता धुता पाणी तसंच वाहत राहिलं. दादाला मी डावीकडच्या बादलीत घातलं की उजवीकडच्या?

आठवेना. डोळे मिटले, पुन्हा सगळं हाताने करून बघितलं, दोरा, कात्री, बादली. काही केल्या आठवेना. पाचावर धारण बसली. तुम्ही म्हणाल, घाईगडबडीत होतं माणसाचं. होतं ना, पण माझा भाऊ मेन स्विच विसरला तिथूनच सुरुवात झाली होती. आणि मी पन्नाशीची. दादाला घराण्यातलं काही असेल तर त्यात माझाही वाटा आहे, हे मी मुंगीपुढे कधी काढलं नव्हतं. स्वतःपुढेही नाही.

दार लावून मी दोन्ही मेंदू काट्यावर ठेवले. काढले तेव्हा दादाचा अकराशे नव्वद ग्रॅम होता, मास्तरांचा बाराशे. फॉर्मालिनमध्ये वजन थोडं वाढतं, आणि सगळ्यांचं सारखं वाढत नाही. आता एक बाराशे चाळीस आणि दुसरा बाराशे पस्तीस. काय डोंबल कळणार! दादाचा आजाराने आक्रसलेला, मास्तरांचा ऐंशी वर्षांच्या वयाने. दोन्ही तळहातांवर एकेक घेऊन उभी राहिले. ज्याच्या खांद्यावर बसून मी शाळेत गेले, तो यातला कुठला, हे मला ओळखता येईना. मला माझीच चीड आली.

कापायला दहा दिवस होते. त्या दहा दिवसांत मी काय काय विचार केला ते सांगायला लाज वाटते. शक्यता निम्मी-निम्मी. झाकणं बरोबर लागली असतील तर बोलून हात दाखवून अवलक्षण. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि चुकीची लागली असतील तर? तर मॅडम मास्तरांचा मेंदू कापतील, त्यात काही सापडणार नाही, आणि मुंगीला सांगतील, "घराण्यातलं काही नाही, बिनधास्त राहा." ती आनंदाने नाचेल. मूल होईल. दादा विद्यार्थ्यांच्या टेबलावर जाईल. आणि वीस वर्षांनी एक दिवस मुंगी स्वतःच्या घरात उभी राहून विचारेल, मेन स्विच कुठाय?

पडताळून बघायची सोय होती. पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा नखाएवढा तुकडा फ्रीजरमध्ये ठेवतात, त्यावर मॅडमच्या हातचा नंबर असतो. बादल्यांतल्या तुकड्यांचा डीएनए त्याच्याशी जुळवला की कळलं. पण त्या तपासणीच्या कागदावर मॅडमची सही लागते, म्हणजे बोलावंच लागणार. बोलले की विचारणार, बाई, तुम्ही विसरलात कशा? आणि मग सगळे माझ्याकडे तसं बघणार, जसं आम्ही दादाकडे बघत होतो. नोकरी गेली तरी चालेल, पण ते बघणं नको. खरं सांगते, मुंगीचं काय होईल यापेक्षा मला त्या बघण्याची भीती जास्त वाटत होती.

गुरुवारी सकाळी मॅडमनी एप्रन चढवला, हातमोजे घातले. माझी जोडीदारीण परत आली होती, तिने एकशे सोळाची बादली आणून ठेवली. मी नियमाप्रमाणे दाराशी उभी. मॅडमनी झाकणावरचा नंबर मोठ्याने वाचला, बादलीवरचा वाचला. जुळला. जुळणारच, दोन्ही मीच लावले होते! त्यांनी मेंदू ट्रेमध्ये घेतला, पुसला आणि लांब पात्याची सुरी हातात घेतली.

"बाई, तुम्ही बाहेर थांबा हवं तर," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या भावाचा आहे."

"मॅडम, तो माझ्या भावाचा आहे की नाही, मला माहीत नाही."

सुरी मेंदूवर टेकली होती. तिथेच थांबली.

"काय म्हणालात?"

मी सगळं सांगितलं. नियम मोडला ते, दोन बादल्या ते, फोन ते.  मॅडमनी सुरी खाली ठेवली. "दहा दिवस!" त्या ओरडल्या. "दहा दिवस गप्प बसलात? तुम्ही? लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं त्यांनी गिळलं. जोडीदारीण खाली बघत होती. मग मॅडमनी हातमोजे काढले, स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसल्या आणि ज्याला मी भीत होते तेच विचारलं, अगदी साध्या आवाजात.

"आधी असं झालंय का? विसरणं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. "मागच्या महिन्यात दोनदा," मी म्हटलं. "एकदा घराची किल्ली दारालाच राहिली. एकदा शेजारणीचं नाव आठवेना. असं सगळ्यांचंच होतं, मॅडम."

"होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचंच होतं." पण त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं अगदी तसंच होतं.

त्याच दिवशी मला बादल्यांच्या खोलीतून काढून बाहेर नोंदणीच्या टेबलावर बसवलं. मास्तरांच्या घरी आणि मुंगीकडे पत्रं गेली, चूक झाली आहे, पडताळणी चालू आहे. मॅडमनी फोनही केला, तर मास्तरांच्या मुलाने ऐकून तो शांतपणे ठेवला. मुंगीने माझा फोन उचललाच नाही. आठ दिवस मी अर्ज क्रमाने लावत बसले. आजूबाजूने जाणारे "काय बाई, बरं ना?" असं जरा जास्तच प्रेमाने विचारायचे. अस्सा राग यायचा!

नवव्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "झाकणं अदलाबदल झाली होती," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी माझ्या सुरीखाली मास्तर होते." मग दादाचा खरा मेंदू त्यांनी कापला. भिंगाखाली बघायला आणखी दोन आठवडे गेले. निकाल कळवायचं काम मॅडमचंच, पण मुंगीने सांगून पाठवलं, आत्याकडूनच ऐकीन.

आमच्या इमारतीच्या खाली एक बाकडं आहे. तिथे ती आली, केस ओले, थेट तलावावरून. बसली नाही.

"बोल."

"घराण्यातला प्रकार आहे," मी म्हटलं. "दादाच्या पडण्याचा, पिण्याचा काही संबंध नाही."

तिने ओले केस पिळून मागे टाकले. मग म्हणाली, "तू गप्प बसली असतीस तर मला काय कळलं असतं?"

"काही नाही, असं कळलं असतं."

"म्हणजे मी आज घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं असतं, चल, आता घाबरायचं नाही."

"हो."

"मग का बोललीस?" तिचा आवाज फाटला. तिने माझा दंड धरून हलवला. "का बोललीस गं आत्या? तुला काय गरज होती? मला जगू दिलं असतंस की दहा-वीस वर्षं मजेत! आई गं..." आणि ती तिथेच बाकड्याजवळ उकिडवी बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. लोक वळून बघत होते. बघू देत.

मी तिच्याशेजारी खाली बसले.  "मी बोलले नसते," मी म्हटलं. "दहा दिवस नाहीच बोलले. पण मग रोज सकाळी मी स्वतःला तपासायचे, आज काय विसरले? दूध? चष्मा? तुझा नंबर? आणि मनात यायचं, मी निदान बघतेय तरी. ही पोरगी तर बघणारही नाही. तिला कुणी सांगितलंच नसेल की बघ म्हणून."

तिचं रडणं थांबलं. तिने तोंड वर केलं. नाक लाल, पापण्या चिकटलेल्या.

"तू स्वतःला का तपासत होतीस?"

 मला वाटतं, तेव्हा पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं की तिचा बाप माझाही भाऊ होता, आणि बापापासून जे तिच्याकडे येऊ शकतं ते आमच्या बापापासून माझ्याकडेही येऊ शकतं. तिने मला नीट न्याहाळलं. त्या नजरेत ते दुसरं बघणं नव्हतं. ती घाबरली होती, माझ्यासाठी.

"तुला हे आधीपासून माहीत होतं," ती म्हणाली. "आणि मी फक्त माझंच गात बसले होते."

"गा की. तुझं वय आहे."

तिने बाहीने तोंड पुसलं. पर्समधून फोन काढला, मॅडमनी पत्रात दिलेला रक्ततपासणीचा नंबर लावला. आवाज पोरांना पाण्यात उतरवताना असतो तसा खणखणीत.

"तपासणीसाठी वेळ हवी आहे," ती म्हणाली. "दोघींची. हो, एकाच घरातल्या. मी आणि माझी आत्या." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली. "विचारतायत, आधी कुणाचं नाव लिहू?"

"माझं लिहायला सांग," मी म्हटलं. "मोठी मी आहे."