नाव ठेवताना

मॅडमनी नवा लॅपटॉप तिसऱ्यांदा बंद करून चालू केला, तरी तेच. सर्व्हरवरून उतरवून घेतलेल्या ‘सर्च’ ब्रँचमध्ये, म्हणजे कामाच्या त्यांच्या स्वतंत्र प्रतीत, पंधरा दिवसांची मेहनत गायब. आणि तिथे काकांचं काम ऐसपैस बसलेलं! काका म्हणजे पन्नाशीचे नवे प्रोग्रामर. सहा वर्षं घरी बसून परत नोकरीला लागलेले.

मॅडमना त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय. इतकं गोड बोलणारा माणूस सरळ असतो का कधी? शिवाय ती वही! कोणी काही बोललं की लगेच टिपून ठेवायचं. आज काकांची चाचणीची मुदत संपत होती. मॅडमनी रागाच्या भरात साहेबांना कळवूनही टाकलं, ‘विश्वासू नाहीत. ठेवू नये.’ मग काकांना हाक मारली.

“माझं काम पुसून तुमचं कसं घातलंत?”

“मी? मी माझ्या ‘सर्च’मध्येच होतो हो.”

“‘सर्च’ माझी आहे! साळसूदपणाचा आव आणू नका.”

काकांनी आपला मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. कॉम्प्युटर मॅडमचाच जुना, परवा काकांच्या गळ्यात पडलेला. यादीत ‘सर्च’ दोन होत्या. एकीचा एस कॅपिटल, दुसरीचा लहान. कॅपिटलवालीत मॅडमचं काम शेवटच्या ओळीपर्यंत सुखरूप होतं.

“तुमच्या नव्या लॅपटॉपला दोन्ही एस सारखेच. त्याने एकीवर दुसरी बसवली.”

“पण तेच नाव घ्यायचं कशाला?” मॅडम अजून सोडायला तयार नव्हत्या.

काकांनी वहीचं पहिलं पान उघडलं. ‘ब्रँचला नाव ठेवताना : ज्या भागाचं काम, त्याचंच नाव. सगळी अक्षरं लहान. – मॅडम.’

मॅडमचे कान गरम झाले. नियम त्यांचा आणि कॅपिटल एसही त्यांचाच. तीन महिने नावं मात्र काकांना ठेवत होत्या.

फोन वाजला. साहेब होते.

“तुमचा निरोप वाचला. काकांना वर पाठवा.”

“मला बोलावलंय का?” काकांनी घाईघाईने कॉलर नीट केली. चेहऱ्यावरची आशा लपत नव्हती.

“नाही, मला.” मॅडम खुर्ची सारून उठल्या. “ती वही जरा द्या.”