धाकट्या डोनाल्डच्या तुळया

सेडी गिलिसने अकरा वर्षं कागद उकरून आपल्या खापरपणजोबाचं घर शोधून काढलं, आणि तिचा भाऊ हेक्टर एका वाक्यात म्हणाला, "ते आपलं नाही."

रविवारची दुपार होती. चर्चमधली मासची प्रार्थना आटोपून हेक्टर नेहमीसारखा तिच्याकडे जेवायला आला होता. खारवलेला कॉड, बटाटे आणि वर तळलेली चरबी असं जेवण झालं होतं, चहा चुलीवर काळा होत होता. सेडीने ताटं बाजूला सारून टेबलावर नकाशा पसरला. समुद्रापलीकडच्या स्कॉटलंडचा, त्या काळच्या जहागिरीचा नकाशा. किनाऱ्यावरच्या एका ठिपक्याभोवती तिने तांबड्या पेन्सिलीने गोल काढला होता.

"हे बघ. अठराशे पंचवीस सालची खंडकऱ्यांची यादी. डोनाल्ड गिलिस, अँगसचा मुलगा, राहणार अर्दनाग्लास. अख्ख्या मुलखात अँगसचा डोनाल्ड हा एकच. पुढच्या वर्षी तो जहाजात बसला आणि इथे कॅनडात, केप ब्रेटनला उतरला. जूनमध्ये आपण तिथे उभे राहणार, हेक्टर. घरापासून वीस पावलांवर उतरायची जागासुद्धा बघून ठेवलीय."

"घरापासून समुद्र किती लांब?"

"सांगते काय मग. दारातच समुद्र."

"तर ते आपलं नाही." हेक्टरने चहा बशीत ओतला. "आपल्या पणजोबाच्या, रॅनल्डच्या आईने समुद्र पहिल्यांदा बघितला तो जहाजात चढायच्या दिवशी. बापाने शंभरदा सांगितलंय. दारात समुद्र असणाऱ्या बाईला समुद्र दिसला नाही, तर ती आंधळी होती काय?"

"अरे, गोष्टीत काहीही सांगतात. इथे लेखी आहे."

"लेखी कुणी केलं? ज्या जहागीरदाराने आपल्या माणसांना हाकललं त्याच्याच कारकुनाने ना? त्याचं खरं आणि बापाचं खोटं?"

सेडीने नकाशाची वळलेली कड हाताने सपाट केली.

हेक्टर सत्त्याहत्तरचा, लग्न न केलेला, नऊ गाई आणि एक म्हातारी घोडी सांभाळून एकटा राहणारा. त्याला बापाने पिढ्या शिकवल्या होत्या. हेक्टर डॅनचा, डॅन अलास्टेअरचा, अलास्टेअर रॅनल्डचा, रॅनल्ड धाकट्या डोनाल्डचा, धाकटा डोनाल्ड अँगसचा, असं मागे मागे चौदा नावांपर्यंत तो एका दमात जायचा, तेही गॅलिकमध्ये, स्कॉटलंडहून आणलेल्या त्या जुन्या भाषेत. सेडी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. तिला गॅलिक येत नव्हतं. हेक्टरच्या वेळी शाळेत तोंडातून गॅलिक शब्द निघाला की हातावर पट्टी बसायची. त्याने पट्ट्या खाल्ल्या आणि भाषा ठेवली. सेडीच्या वेळी आईबाप शहाणे झाले. पोरीला मार नको म्हणून तिच्याशी इंग्रजीतच बोलू लागले. ज्या मास्तराने पोरांना त्यांच्या आईच्या भाषेसाठी मारलं, त्याच्या नावाची पाटी आजही शाळेच्या भिंतीवर आहे. मार खाणाऱ्यांची पाटी कुठेच नाही.

म्हणून सेडीने कागद धरले होते. मासळीच्या कारखान्यात चाळीस वर्षं उभं राहून गुडघे संपले, आणि निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं की जे कानाने मिळालं नाही ते डोळ्यांनी मिळवायचं. ऑक्टोबरात एका गुडघ्याचं ऑपरेशन होतं, पुढच्या वर्षी दुसऱ्याचं. जायचं तर याच जूनमध्ये. आणि एकटीने जाऊन ती तिथे करणार काय होती? नुसते दगड बघून यायचे? ती नावं ज्याच्या तोंडात होती तो माणूस त्या दगडांजवळ उभा राहायला हवा होता. हेक्टर गेला की चौदा नावं त्याच्याबरोबर मातीत जाणार, हे तिला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं, आणि दोघंही ते बोलत नव्हते.

"तू येणारच नाहीस म्हण ना सरळ."

"मी कधी म्हटलं तसं? त्या जहागीरदारांचे वाडे बघायला येणार नाही. ज्या आडनावाची माणसं त्यांनी घराबाहेर काढली, त्याच आडनावाचं म्हणून ठरलेलं चौकडीचं कापड आता त्या माणसांच्याच नातवंडांना दुकान थाटून विकतात. आपले लोक ते गळ्यात बांधून फोटो काढतात. लाज नाही दोघांनाही. मला आपल्या चुलीचा दगड दाखव. येतो. दुसऱ्याच्या चुलीपुढे टोपी काढायला मी साता समुद्रापार येणार नाही."

"एकच डोनाल्ड आहे रे कागदात."

"मग 'धाकटा' का म्हणतात त्याला?"

"बुटका असेल."

हेक्टरने तिच्याकडे असं पाहिलं की तिचीच तिला लाज वाटली. तिने फाइल उघडली आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी काढल्या. अँगसच्या पोरांची यादी होती. १७९६, डोनाल्ड. मध्ये दोन मुली. १८०३, डोनाल्ड. पहिल्या डोनाल्डपुढे सेडीने सहा वर्षांपूर्वी शाईने फुली मारली होती: लहानपणी वारला.

"हा कशाने गेला?" हेक्टरने बोट ठेवलं.

"पोर गेलं की पुढच्याला तेच नाव देतात. सगळ्या पुस्तकांत आहे. दुसरा डोनाल्ड आला, म्हणजे पहिला गेला."

"पुरल्याची नोंद आहे?"

"त्या काळच्या नाहीतच."

"अगं बये." हेक्टर मागे रेलला. "आपल्या पोस्टमनच्या घरी किती जॉन होते?"

सेडीचा हात जागच्या जागी थांबला. पोस्टमनच्या घरी दोन जॉन होते. थोरला जॉन आणि लाल केसांचा म्हणून लाल जॉन. दोघं सख्खे भाऊ, दोघंही तिच्या याच टेबलावर जेवून गेलेले, लाल जॉनने तर तिला नाचायला नेलं होतं. पहिल्याला बापाच्या बापाचं नाव द्यायचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं, हा नेम. दोन्ही आजोबा जॉन असले तर दोन्ही पोरं जॉन. कुणाला त्यात नवल वाटलं नव्हतं.

"अँगसची बायको कुणाची?" हेक्टरने विचारलं.

तिने पान उलटायची गरज नव्हती. "डोनाल्ड बीटनची मुलगी," ती हळूच म्हणाली. "आणि अँगसचा बापही डोनाल्डच."

"चांगला धडधाकट माणूस मारलास तू कागदावर. सहा वर्षं झाली. माफी माग त्याची."

"गप रे."

"मी गप बसतो. तोच काय म्हणतो बघ."

त्याच संध्याकाळी सेडीने अर्दनाग्लासच्या धर्मगुरूंना पत्र लिहिलं. चूक कबूल करायला तिला जड गेलं, पण तिने पळवाट शोधली नाही. लिहिलं की मी अँगसच्या थोरल्या डोनाल्डला मेलेला धरून बसले होते, तो जगला असेल तर त्याचं कुणी तिकडे उरलंय का, आणि धाकटा कुठे राहायचा हे कुणाला ठाऊक आहे का. शेवटी आपल्या गुडघ्यांचं रडगाणं आणि फोन नंबरही घातला.

तीन आठवड्यांनी, पुन्हा रविवारीच, बशा धुऊन होतात न होतात तोच फोन वाजला.

"सेडी गिलिस का? मी इशबेल मॅकफी बोलतेय, अर्दनाग्लासहून. माहेरची गिलिस. फादरनी तुमचं पत्र मासनंतर सगळ्यांपुढे वाचलं. आमच्या पणजोबांना तुम्ही पाळण्यातूनच वर पोहोचवलंत म्हणे."

सेडीला कुठे तोंड लपवावं कळेना. "चुकलं हो बाई."

"चालायचंच. ब्याऐंशी वर्षं जगला, बारा पोरांचा बाप. वर बसून हसत असेल. तुमच्याकडे पिढ्यांची नावं म्हणणारं कुणी आहे का?"

"भाऊ आहे. पण तो..."

"द्या त्याला."

हेक्टरने हात पँटला पुसले आणि फोन दोन्ही हातांत धरला. आधी तो नुसता ऐकत राहिला. मग बोलायला लागला, आणि सेडीने ताटं पुसायचं फडकं खाली ठेवलं. बाप गेल्यापासून घरात ही भाषा दोन माणसांत बोलली गेलीच नव्हती. हेक्टर ती गोठ्यात बोलायचा, घोडीशी. आता पलीकडून उत्तर येत होतं. शब्द तिला कळत नव्हते, पण नावं कळत होती. तिकडून बारीक आवाजात: इशबेल, जॉन, अँगस, डोनाल्ड. इकडून हेक्टर: डॅन, अलास्टेअर, रॅनल्ड, डोनाल्ड. मग दोघंही एकदम म्हणाले, अँगस. तिथून पुढे दोन आवाज एकाच ओळीत चालले, पायरीला पायरी लावून, हेक्टरच्या चौदाव्या नावापर्यंत. हेक्टर थांबला तरी बाई थांबली नाही. ती आणखी तीन नावं मागे गेली. हेक्टर ती नावं ओठांतल्या ओठांत म्हणून घेत होता.

मग बाई बराच वेळ बोलली, आणि हेक्टरचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतेय?" सेडी खुणेने विचारत होती. तो बघेना. शेवटी त्याने फोन छातीशी धरला.

"धाकटा डोनाल्ड वरच्या खोऱ्यात राहायचा. तळ्याच्या काठी. घरजावई होता. खंड सासऱ्याच्या नावावर, म्हणून तुझ्या यादीत नाही."

"मग चांगलंच झालं की. घर सापडलं."

"थांब. खालचं गाव राहिलं, वरचं मेंढ्यांसाठी रिकामं केलं. जहागीरदाराने नवा मेंढ्यांचा मालक आणला, आणि त्याच्याकडे मेंढपाळ म्हणून कोण राहिला? थोरला डोनाल्ड. भावाला बाहेर काढलं त्या कुरणात याने मेंढ्या चारल्या. आणि भावाच्या छपराच्या तुळया काढून आणून स्वतःच्या गोठ्याला लावल्या. अजून आहेत म्हणते. गाई बांधते ती त्यांच्याखाली."

सेडी खुर्चीत बसली. संपलं सगळं, तिला वाटलं. त्या मुलखात झाड उगवत नाही. तुळई म्हणजे घरच. हाकललेली माणसं दुसरं काही नाही तरी तुळया खांद्यावर घेऊन निघायची, आणि जहागीरदाराची माणसं ती परत येऊ नयेत म्हणून छपरं पेटवायची. तेच घर भावानेच उचलून नेलं असेल, तर हेक्टर आता तिकडे थुंकायलाही जाणार नाही. दोनशे वर्षं जहागीरदाराला शिव्या घालणं सोपं होतं. त्याच्या पगारावर आपलाच कुणी असेल, हे कुणी पोरांना शिकवत नाही.

हेक्टरने फोन कानाला लावला. या वेळी तो इंग्रजीत बोलला, सेडीला कळावं म्हणून.

"बाई, चोरल्या म्हणायच्या का त्या?"

पलीकडचा आवाज सेडीलाही ऐकू आला, म्हातारीचा आवाज खणखणीत होता. "आमच्या घरात दोन तट आहेत. आजी म्हणायची, चोरल्या. आजोबा म्हणायचे, पेटवायच्या आदल्या दिवशी काढून आणल्या, धाकटा परत आला तर त्याला छप्पर असावं म्हणून. जेवायला बसलं की भांडण. माझा बाप म्हणायचा, ती माणसं येतील तेव्हा त्यांनाच विचारा, त्यांना काय सांगून ठेवलं होतं. कुणी आलंच नाही."

हेक्टरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आम्हाला कुणी काही सांगितलं नाही," तो म्हणाला. "बापाने थोरल्याचं नाव कधी काढलं नाही. एकदाही नाही."

"मग तुम्हीही चोरल्याच्याच बाजूचे," बाई म्हणाली. "आजी खूश होईल."

हेक्टरच्या घशातून एक आवाज आला. सेडीला आधी वाटलं खोकला. तो हसत होता.

"किती आहेत?"

"दोन जोड्या. दारापासून तिसरी आणि चौथी. बाकीच्या सरळ आहेत, या बाकदार. येऊन घेऊन जा हवं तर, गोठा पडला तर पडला. चुलीचा दगडही वर जागेवर आहे, पण भिंती गुडघ्याएवढ्याच उरल्यात, आणि खाजरी झुडपं माजलीत. आता तिथे मेंढ्याही नाहीत. शहरातले शेठ हरणं मारायला येतात. त्यांच्यासाठी रस्ता केलाय, आम्हाला सहाशे वर्षांत केला नाही. माझ्या पुतण्याची गाडी जाते दगडापर्यंत. बहिणीच्या गुडघ्यांचं फादरनी वाचून दाखवलं."

"शेठ लोकांचा रस्ता?"

"त्यांचाच. मी मुद्दाम मधोमध चालते."

यावर दोघं पुन्हा गॅलिकमध्ये शिरले, आणि पाऊण तास बाहेर आले नाहीत. सेडीने चहा ओतून दिला, तो त्याने प्यायला नाही. मध्येच त्याने पेन्सिलीची खूण केली. तिने दिली. त्याने तिच्या सुबक नकाशावर, तांबड्या गोलापासून बोटभर वर, तळ्याच्या टोकाशी एक वेडावाकडा चौकोन काढला.

फोन ठेवून तो उठला आणि खिडकीपाशी उभा राहिला.

"बोल की काहीतरी," सेडी म्हणाली.

"ते वीस पावलांवरचं तुझं घर रद्द कर. तिच्याकडे उतरायचं. परक्या ठिकाणी राहिलो तर तिला अपमान वाटेल."

"म्हणजे येतोयस."

"चोरल्या की राखल्या, हे वीतभर लांबून तुळई बघितल्याशिवाय कळणार आहे का? सवडीने काढली असेल तर खिळ्यांच्या भोकाला चीर नसते. ओरबाडली असेल तर असते. मी तीस वर्षं सुतारकाम केलंय." तो थोडा थांबला. "आणि ती तीन नावं नीट घ्यायचीत. तुलाही शिकवीन म्हणतो. अर्थ नाही कळला तरी चालेल, तोंडात बसायला हवीत."

सेडी फडकं घेऊन कोरडं झालेलंच ताट पुसत राहिली.

मंगळवारी ती त्याला गाडीत घालून गावात घेऊन गेली. हेक्टरकडे पासपोर्ट नव्हता, आयुष्यात कधी लागलाच नव्हता. औषधांच्या दुकानात मागच्या बाजूला पांढऱ्या पडद्यापुढे त्याला स्टुलावर बसवलं. कॉलर सेडीने सारखी केली, त्याने परत वाकडी केली.

"काका, हसायचं नाही हं," कॅमेऱ्यामागची मुलगी म्हणाली. "नियम आहे. ओठ मिटून समोर बघा."

पहिला फोटो वाया गेला. दुसराही.

"काका, सरकारला गंभीर माणूस लागतो."

"सरकारला सांग, सत्त्याहत्तर वर्षं गंभीरच होतो."

"हेक्टर, तिला कामं आहेत," सेडी म्हणाली, पण तिचाही आवाज नीट निघेना.

"ती बाई म्हणत होती," तो स्टुलावरूनच म्हणाला, "थोरल्याच्या बाराही पोरांत एकाचंही नाव डोनाल्ड नाही. म्हणे, डोनाल्ड नावाला तो कंटाळला होता."

तिसराही वाया गेला. मुलगी हताश होऊन कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिली, आणि दुकानात औषधं घ्यायला आलेली दोन-तीन माणसं, अलास्टेअरच्या डॅनच्या हेक्टरला आज झालंय काय, म्हणून पडद्याशी येऊन उभी राहिली.