तीसपैकी एकोणतीस

मला तीसपैकी एकोणतीस मिळाले आणि सुभद्रेला चौदा. अमरावतीच्या डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोच्या स्मरणशक्तीच्या तपासणीचे कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मी गालातल्या गालात हसलो होतो. खोटं कशाला बोलू? बत्तीस वर्षं वलगावात गणित शिकवलेला माणूस मी. शंभरातून सात, पुन्हा सात, असं करत न थांबता दोनावर येऊन टेकलो. सुभद्रेला तेच विचारलं तर तिनं डॉक्टरांनाच उलट विचारलं, "शंभर काय?" चालू महिना तिला सांगता आला नाही. घड्याळ काढायला दिलं तर सगळे आकडे एकाच बाजूला गर्दी करून बसले.

आमचा मुलगा गोपाल अकोल्याला बँकेत आहे. आई फोनवर तेच तेच विचारते म्हणून तपासणीचं त्यानंच काढलं. ती विसरते हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. घरात कोणाला काय काय करता येतं याचेही दोन फॉर्म होते. स्वयंपाक, औषधं, बाजार. ते गोपालनं भरले. आईच्या फॉर्मवर सगळं 'नाही', माझ्या फॉर्मवर सगळं 'होय'. साखर कुठल्या डब्यात असते हे ज्याला पन्नास वर्षांत कळलं नाही, त्याला म्हणे स्वयंपाक येतो. मी वाचलं आणि खाली सही ठोकली.

एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत कुरडयांचे दिवस येतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशा बाया पाळीपाळीनं जमतात. यंदा आमच्या पाळीला सुभद्रेनं गहू भिजत घातले. आज वार कोणता, हे ती मला दिवसातून चारदा विचारायची, पण तिन्ही दिवस गव्हाचं पाणी बदलायला एकदाही चुकली नाही. चीक शिजला की नाही ते ती पळी उचलूनच सांगते. शेजारची तानुबाई अजूनही तिला विचारल्याशिवाय पातेलं उतरवत नाही.

त्या दुपारी ती अंगणात कुरडया उलटत होती. मला चहाची तलफ आली. तिला कशाला उठवायचं, म्हणून मीच गॅसवर भांडं ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवायला बसलो. मेंदू तल्लख ठेवायला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. कोडं सुटलं तेव्हा घरभर धूर झाला होता. तानुबाई धावत आली, तिनं गॅस बंद केला, जळकं भांडं बाहेर टाकलं आणि म्हणाली, काकू विसरल्या वाटते.

मी काहीच बोललो नाही. हातात पेपर घेऊन नुसता उभा राहिलो. त्या क्षणी बोललो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं. पण एकोणतीस मार्कांचा माज होता, आणि लाजही वाटली.

तानुबाईनं गोपालला फोन केला. आईला आता त्या घरात ठेवण्यासारखं नाही, रविवारी मी तिला कायमची न्यायला येतो, असं त्यानं ठरवूनच टाकलं. बाबा काय, त्यांचं ते बघतील. सुभद्रेला त्या दुपारचं काही आठवत नव्हतं. पण आपल्या हातून घर जळता जळता राहिलं, एवढं जो तो सांगून गेला आणि तेवढंच तिच्या मनात घट्ट बसलं. ती गॅससमोर उभी राहायची आणि हात मागे घ्यायची. आठ दिवस मी हे पाहत होतो. पाहत होतो आणि गिळत होतो. माझ्यासारखा भित्रा मास्तर दुसरा नसेल.

रविवारी गोपालनं आईची बॅग गाडीत ठेवली. ती दाराची चौकट धरून उभी राहिली, आणि मग मला राहवलं नाही.

"गॅस म्या चालू ठेवला होता," मी म्हणालो. "तुह्या मायनं नाही."

गोपाल हसला. "बाबा, आईले वाचवाले बोलून राहिले तुमी. तुमाले एकोणतीस मार्क आहेत."

माझा पारा चढला. म्हटलं, चल आत, मी चहा करतो आणि तू नुसता बघ. पातेलं शोधण्यात पाच मिनिटं गेली. साखर म्हणून मीठ काढलं. आधी गॅसचं बटण फिरवलं आणि मग लायटर कुठे आहे ते शोधत बसलो. वास पसरला तेव्हा गोपालनंच झडप घालून बटण बंद केलं. त्याला आता सगळं कळलं होतं.

सुभद्रा दारातून पाहत होती.

"मंग तो गॅस म्या नव्हता ठेवला?"

"नाही."

"आठ दिवस झाले, मी सोताले शिव्या देऊन राहिली," ती मला म्हणाली. मग गोपालकडे वळली. "बॅग उतरव. मी येत नाही. ह्या माणसाले एकटं ठेवलं त हा घर जाळीन."

बॅग उतरली. मी दोन्ही फॉर्म गोपालकडून पुन्हा भरून घेतले, खरे. माझ्या फॉर्मवर 'नाही' लिहायला तो तयार होईना, तर मीच पेन घेतलं.

तो गेल्यावर ध्यानात आलं की उद्या ही माझी कबुली विसरेल आणि स्वतःवरचा ठपका तेवढा लक्षात ठेवेल. म्हणून गॅसमागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'गॅस सुभद्रेने नव्हे, मी चालू ठेवला होता. भगवंतराव.' गोपाल म्हणतो, पुसा ते, पाहुणे वाचतात. वाचू देत. रोज सकाळी चहा ठेवताना ती ते नव्यानं वाचते आणि रोज मला नव्यानं फैलावर घेते. मी ऐकून घेतो. ज्या दिवशी ती वाचूनही गप्प राहील, त्या दिवशी मी स्वतः गोपालला फोन करीन. तोवर माझ्या बायकोला या घरातून कोणी हलवून दाखवावं.