मी आवाज न करता लागायचो

मी एक जुना दरवाजा आहे. एका महागड्या काळ्या गाडीचा, मागचा, डावीकडचा. आज दिग्रसजवळच्या एका तांड्यावर बकऱ्यांच्या कुडाला फाटक म्हणून मला दोरीने बांधलं आहे. माझी काच फुटली आहे, पत्र्यावर काठ्यांचे खड्डे आहेत आणि कुलूप चेचलेलं आहे. मित्रांनो, मला मारून मारून असं केलं. आणि बरोबर केलं. का, ते सांगतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या कुलपात एक लहानशी मोटर बसवली. मला आपटायचं नाही, नुसतं टेकवायचं. शेवटचं बोटभर अंतर मी स्वतःच ओढून घ्यायचो, आणि आवाज म्हणाल तर उशीवर डोकं टेकल्याइतका. नागपूरच्या दुकानात लोक कौतुकाने माझ्यावर हात फिरवायचे. मीही फुगलो होतो. आवाज नाही म्हणजे आपण सभ्य, असं मला वाटायचं.

दिग्रसच्या विठ्ठलरावांनी ती गाडी घेतली. त्यांची जिनिंग होती. कापसातून सरकी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, हे तिथलं काम. आमच्या भागात गाडीचा दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही. काळीपिवळी जीपमध्ये पंधरा माणसं कोंबली की ड्रायव्हर खांद्यापासून हात मागे नेतो आणि धाडकन आपटतो. संघदीप नावाच्या ड्रायव्हरने पहिल्या दिवशी मलाही तसंच आपटलं. विठ्ठलरावांनी त्याच्या अशी कानाखाली मारली की तो माझ्याच पत्र्यावर आदळला.

"काहून बे, हे तुही काळीपिवळी हाय काय?"

"नाही साहेब."

"मंग बोट लाव. पुरे तेवढं."

पाहुणे आले की विठ्ठलराव आवारात माझा खेळ करायचे. माझ्या फटीत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी धरायचे आणि एका बोटाने मला टेकवायचे. मी ओढून घ्यायचो. काडी कटकन तुटायची.

"बोटं सांभाळा बरं, पाहुनं," ते म्हणायचे, आणि सगळे हसायचे. हमाल हसायचे, गाडीवाले हसायचे. मीही मनातल्या मनात हसायचो. ही लाज मी लपवणार नाही.

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बोंडं वरून हिरवी आणि आतून पोखरलेली. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. तिथे किसनसिंग हे प्रतवारी ठरवायचे. तांड्यावरचे माणूस, तीस वर्षांचा हात. चिमूटभर कापूस घ्यायचे, अंगठा आणि दोन बोटांत धरून धागा ओढायचे आणि लांबी सांगायचे. यंत्राने मोजलं तरी तेवढीच भरायची. त्यांची ती दोन बोटं म्हणजे त्यांचं पोट होतं, आणि रांगेतल्या माणसांचा भरवसासुद्धा.

त्या दुपारी विठ्ठलराव गाडीत बसले. मी उघडाच होतो. त्यांनी किसनसिंगला बोलावलं. किसनसिंग आले आणि मी ज्यावर टेकतो तो गाडीचा खांब उजव्या हाताने धरून वाकले. ही इकडची सवय आहे. बोलणं अर्धं टाकून जीप निघू नये म्हणून माणूस खांब धरून बोलतो. त्याला भीती नसते, कारण आपटणाऱ्याचा हात आधी मागे जाताना दिसतो. मला मात्र कुणी हात मागे नेत नव्हतं. किसनसिंग तेवढंच चुकले.

"आजचा सारा माल कवडीत टाक," विठ्ठलराव म्हणाले. कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. तो मातीमोल जातो.

"मालक, बारा गाड्या पाह्यल्या. पाच कवडी हाय. सातांचा माल चोख हाय."

"तू कोनाचं खातं रे?"

"तुमचंच. पन बोटं माही हाय. तेले लांब धागा लागला तं मी आखूड कसा म्हनू?"

विठ्ठलरावांनी खांबावरच्या त्या बोटांकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग माझ्या मुठीला एक बोट लावलं आणि मला आत ओढून घेतलं.

पुढचं मी केलं. तुरीची वाळकी शेंग फुटावी तसं माझ्या फटीत काहीतरी फुटलं. माझ्या मोटरला काडी काय आणि हाड काय, सारखंच. किसनसिंग ओरडलेसुद्धा नाहीत. ते खाली कोसळले आणि अडकलेल्या हातावर लटकले.

"चाल," विठ्ठलराव म्हणाले.

"साहेब, हात हाय दरोज्यात."

"चाल म्हटलं ना तुले."

संघदीपने किल्ली फिरवली, गाडी बंद केली, खाली उतरला आणि मला उघडलं. सरकीच्या ढिगाजवळ किसनसिंगची बायको सुखीबाई डबा घेऊन बसली होती. ती धावत आली. तिने पदराने हात बांधला, तो पदर लगेच भिजला. रांगेतली माणसं भोवती जमली.

विठ्ठलराव उतरले. कपडे झटकले. "म्या आपटला काय? सांगा ना. आवाज आला काय कोनाले?"

कुणालाच आला नव्हता. माणसं एकमेकांकडे बघू लागली. एक हमाल पुटपुटला, "आवाज तं नाही आला बुवा." किसनसिंगचं हाड मोडलं होतं आणि आता सत्यही मोडणार होतं, माझ्या त्या सभ्य आवाजापायी.

संघदीपने जमिनीवरून पऱ्हाटीची काडी उचलली, माझ्या फटीत धरली आणि मला एक बोट लावलं.

कट.

या वेळी कुणी हसलं नाही. हा खेळ सगळ्यांनी पाहिला होता. विठ्ठलरावांनीच दाखवला होता.

मग काठ्या आल्या. बैल हाकायच्या तुताऱ्या आल्या, दगड आले. माझी काच गेली, पत्रा आत गेला. विठ्ठलरावांना कॉलर धरून आपटलं, तोंड फुटलं, दोन दात मातीत पडले. चौघांनी त्यांचा उजवा हात पिरगाळून माझ्या फटीत धरला. "लाव रे दरोजा," कुणीतरी म्हणालं. मी तयार होतो. मी नेहमीच तयार असायचो, हात कुणाचाही असो.

तेवढ्यात सुखीबाईने काट्यावरचं वीस किलोचं लोखंडी वजन उचललं. माणसं बाजूला झाली. त्यांना वाटलं, ती मालकाचं डोकं फोडते. तिने ते माझ्या कुलपावर घातलं. एकदा, दोनदा, मोटरची घरघर थांबेपर्यंत.

"आता धरा कोनाचा धरता तं," ती म्हणाली. "हे मेलं."

किसनसिंगची दोन्ही बोटं यवतमाळच्या दवाखान्यात कापावी लागली. विठ्ठलरावांनी नवा दरवाजा बसवला, तसाच, बिनआवाजाचा. संघदीपची नोकरी गेली. तो आता पुसदच्या रस्त्यावर जीप चालवतो. भंगारातून त्यानेच मला उचललं आणि टपावर बांधून तांड्यावर आणलं.

"हे कायले आनलं, भिया?" किसनसिंगने विचारलं. भिया म्हणजे तांड्याच्या बोलीत भाऊ.

"राहू द्या. बकऱ्याईले होते."

किसनसिंग आता डाव्या हाताने धागा ओढतात. वेळ लागतो, कधी चुकतही असेल. तरी बाजारात जायच्या आधी माणसं मूठभर कापूस घेऊन या कुडाशी येतात, आणि ते म्हणतील तीच त्या मालाची प्रत.

मित्रांनो, दरवाजा लावण्याआधी फटीत बघा, कुणाचा हात तर नाही. आणि जो आवाज न करता लागतो, त्याला सभ्य म्हणू नका. त्याच्यात एकदा काडी धरून बघा.

बकऱ्या आत आल्या की किसनसिंग डावा हात खांद्यापासून मागे नेतात आणि मला आपटतात. साऱ्या तांड्याला ऐकू जातं.