वेलबुट्टीतला गणिताचा पेपर

नववीचा गणिताचा पेपर कांताबाई दरवर्षी स्वतः स्टेन्सिलवर हाताने लिहीत. अपूर्णांकाची रेघ सरळ, वर्गाचा दोन क्षच्या डोक्यावर, वर्गमुळाचं छप्पर शेवटच्या आकड्यापर्यंत. सायक्लोस्टाइलची शाई बोटांना लागे, पण पोरांना प्रश्न नीट वाचता येत.

यंदा हेडमास्तर मधुकररावांच्या डोक्यात भूत शिरलं. तपासणीला साहेब येणार, तेव्हा पेपर छापीलच हवा. काम गेलं वर्ध्याच्या नत्थूजीकडे. त्याच्या छापखान्यात वर्षभर लग्नपत्रिकाच छापत. कांताबाई एसटीने गेल्या आणि नत्थूजीने कुरकुरत वर्गाच्या दोनाचे सगळे बारीक खिळे, म्हणजे शिशाचे टाइप, क्षच्या डोक्यावर चढवेपर्यंत उठल्या नाहीत. कारण त्यांच्या नववीत धुरपता होती. "नापास झाली का शाळा बंद," असं तिच्या बापाने बाईंना तोंडावर सांगितलं होतं.

आपल्याच विषयाच्या पेपरला शिक्षकाने वर्गावर थांबायचं नाही, असा शाळेचा रिवाज. त्यामुळे छापील पेपर कांताबाईंना दिसला तो परीक्षा सुरू झाल्यावर, ऑफिसात. चारी बाजूंनी लग्नपत्रिकेची वेलबुट्टी. वर ठळक अक्षरांत शाळेचं नाव, त्याहून ठळक मधुकररावांचं. या थाटाला जागा करायला खाली गणितं चेपलेली. वर्गाचे दोन डोक्यावरून उतरून क्षच्या शेजारी, तेवढेच मोठे होऊन बसले होते.

"हे कोणी केलं, सर?" त्यांनी मधुकररावांना विचारलं.

"मीच सांगतलं नत्थूजीले. बॉर्डर बसत नव्हती. अन् आकडे वरखाली दिसून राह्यले होते. आता कसे एका रांगेत आहेत."

"पोरं चुकतील. मले फळ्यावर लिहू द्या."

"साहेब वर्गात आहेत. त्याईच्यासमोर आपलाच पेपर चुकला म्हणता का? चूप बसा."

बोलताना त्यांच्या तोंडातल्या पानाचे शिंतोडे पेपरवर उडाले. ते त्यांनी रुमालाने हळुवार टिपले. बॉर्डर खराब होऊ नये म्हणून.

उत्तरपत्रिका कांताबाईंनीच तपासल्या. क्षचा वर्ग उणे सात क्ष अधिक बारा बरोबर शून्य. उत्तरं यायची तीन आणि चार. धुरपताने क्ष२ म्हणजे दोन क्ष धरला आणि उत्तर काढलं बारा पंचमांश. छापलेल्या गणिताचं तेच उत्तर होतं, एकही पायरी चुकलेली नव्हती. सगळी समीकरणं तिने अशीच सोडवली होती. कांताबाईंनी पूर्ण गुण दिले आणि निकाल सहीला नेला.

मधुकररावांनी धुरपताची उत्तरपत्रिका मागवून पाहिली. "हे चूक आहे. नापास करा हिले."

"छापलं तेच तिनं सोडवलं, सर. चूक शोधाची असन तर ती वर आहे, फुलाईच्या मधात, तुमच्या नावाखाली. म्हणत असान तर साहेबाले दाखवतो."

मधुकररावांनी सही केली. मग भिंतीकडे वळले. तिथे तोच पेपर काचेच्या फ्रेममध्ये घालून लावला होता.

"पण दिसते मस्त, नाई?" ते म्हणाले.

कांताबाईंनी निकाल उचलला आणि बाहेर येऊन नळाखाली हात धुतले.