बाहेरची कडी

भाषांतरवालीचं डोकं दुपारपासून तापलं होतं. टेबलावर इंग्रजी कोर्टाचा हुकूम, पडद्यावर त्याचं जर्मन, आणि स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून बोलणारा वकील.

"बाई, एका शब्दासाठी एवढं ताणायचं? 'डिटेन्शन'लाही सांभाळच म्हणा. जर्मनमध्ये छान शब्द आहे की, बेट्रॉयुंग."

"छानच आहे. तो मी गार्डियनशिपला वापरलाय. पुतण्या म्हातारीचा पालक, तिच्या वतीनं सह्या तो करणार, हे सगळं त्यात आलं. पण पुढच्या कलमात तिला कुलूपबंद घरात डांबून ठेवायची परवानगी आहे. ती सांभाळात कशी कोंबू?"

"डांबून! काय भाषा ही!"

"हुकूम तुमच्या अशिलानं, त्या पुतण्यानंच मिळवला, आणि भाषा माझी टोचते होय?"

प्रकरण सरळ होतं. विधवा म्हातारी त्या कुलपातून निसटून जर्मनीत बहिणीकडे पोचली होती आणि पुतण्याला ती परत हवी होती. जर्मन न्यायाधीश जे वाचणार ते हिचं भाषांतर. त्यात नुसता सांभाळ दिसला, तर म्हातारीला विसरलेल्या बॅगेसारखं परत धाडलं असतं. स्वातंत्र्य काढून घेतल्याचं दिसलं, तर आधी तिला समोर बसवून विचारावं लागलं असतं, की बाई, तुझं म्हणणं काय? असं स्वातंत्र्य काढून घेण्याला जर्मन कायद्यात जिभेला गाठ पडेल असा लांबलचक शब्द होता. भाषांतरवालीनं तो टाइप करून ठेवला होता. खाली तिची सही आणि शिक्का, शपथेवर.

सोफ्यावर पाय पसरून दादा हे सगळं मजेत ऐकत होता. थोरला भाऊ. अधूनमधून यायचा, डझनभर केळी आणि तेवढेच सल्ले घेऊन. आतल्या खोलीत अप्पा होते, दोघांचे वडील. म्हातारपणानं त्यांची स्मरणशक्ती पोखरली होती. मध्यंतरी ते एकटेच हायवेपर्यंत चालत गेले, तेव्हा दादानं सुतार आणून त्यांच्या दाराला बाहेरून कडी ठोकून घेतली. कडी ठोकली दादानं, सरकवायची मात्र हिनं. सकाळी कामाला बसताना, सवयीनं, चहाचा कप उचलावा तशी.

"पाचच्या आत बदलून पाठवा," वकील म्हणाला. आता त्याचा आवाज गोड नव्हता. "नाहीतर हे काम दुसरीकडे जाईल. आमची पुढची सगळी कामंसुद्धा."

घर त्याच कामांवर चालत होतं. तरी ती बोललीच. "दाराला बाहेरून कुलूप. ती निघते म्हणाली तरी निघू द्यायचं नाही. तिनं गुन्हा केलेला नाही. याला काय म्हणतात ते तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून तर तुमचा जीव एवढा खालीवर होतोय."

दादा फिस्सकन हसला. "अगं, मग आपल्या अप्पांच्या कडीला जर्मनमध्ये काय म्हणतात?"

आतून टकटक ऐकू येत होती. बोटाच्या पेरानं, हलकी, न थांबणारी. रोजचीच होती. पंख्याच्या घरघरीसारखी तिनं ती कानाआड टाकली होती.

तिनं एक अक्षर न बदलता भाषांतर पाठवलं, फोन बंद केला, ड्रॉवरमधला स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि अप्पांचं दार सताड उघडून कडीचे स्क्रू काढायला लागली.

"वेड लागलं का तुला?" दादा ताडकन उठला. "गाडीखाली येतील ते!"

"मग कुणीतरी बरोबर जायचं. आज मी, उद्या तू."

"मला ऑफिस आहे!"

"मलाही काम होतं. आत्ताच गेलं."

"मोठी आली शहाणी! लोकांच्या म्हातारीसाठी बापाला मारणारेस!"

"आणि तू त्याला जिवंत पुरलास! मी वरून माती लोटली रोज!"

भांडण असं जुंपलं की दोघांना भान राहिलं नाही. शेवटचा स्क्रू टणकन फरशीवर पडला तेव्हा तिनं आत पाहिलं. खाट रिकामी. घराचं दार उघडं.

ती अनवाणीच धावली. मागून जिन्यावर दादाच्या चपला आणि शिव्या एकदमच आदळत होत्या. कोपऱ्यावर रस्त्याच्या अगदी कडेला अप्पा उभे होते, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. समोरून ट्रक भरधाव येत होता. "धर त्यांना!" दादा मागून ओरडला.

तिचा हात पुढे झाला, आणि त्यांच्या बाहीजवळ थांबला.

"अप्पा, कुठे निघालात?"

"फिरायला." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओळख पटली नाही. "तुम्ही कोण?"

ट्रक धूळ उडवत गेला. अप्पा पाऊलभर मागे सरले होते, आपले आपणच.

"मी इथलीच," ती म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. "बरोबर आले तर चालेल?"

अप्पांनी विचार केला. घाई नव्हती त्यांना.

"या," ते म्हणाले. "पण हात धरायचा नाही."

तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि वाहनांच्या बाजूनं त्यांच्या बरोबरीनं चालायला लागली. मागे दादा धापा टाकत उभा होता. मग तोही निघाला.